विरजण आणि पासवर्ड

मुजावर नेटवाले आणि मी, दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे होतो. आमच्या पाठीमागे सासूबाई कॉम्प्युटरसमोर बसून एका बोटानं काहीतरी टाइप करत होत्या. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

“झालं का, काकू?” मुजावरांनी भिंतीलाच विचारलं.

“मागं बघू नका हं.”

“नाही बघत. फक्त आठ अक्षरं तरी पाहिजेत. कमी चालत नाहीत.”

“आठ?” टक्टक् थांबली. आई बोटांवर काहीतरी मोजत असाव्यात. “मग थांबा जरा.”

खांद्यावर ओवी होती, दहा महिन्यांची. तिला मात्र भिंतीकडे तोंड करायची सक्ती नव्हती. माझ्या खांद्यावरून ती आजीकडे टकामका बघत होती. त्या घरात त्या घटकेला पासवर्ड आजीनंतर कुणाला ठाऊक असेल तर तो तिलाच, आणि तिला बोलता येत नव्हतं.

“वहिनी,” मुजावर हळूच म्हणाले, “बारा वर्षं मिरजेत वायरी ओढतोय मी. पण गिऱ्हाइकानं मला भिंतीकडे उभं केलंय, असं पहिल्यांदाच.”

“मलाही केलंय की.”

“तेच म्हणतो.”

शाळेत शिक्षा झाल्यासारखे आम्ही उभे होतो. पण ही शिक्षा मीच मागून घेतली होती.

ओवी बारा दिवसांची असताना पराग मस्कतला गेला. खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात नोकरी, मार्चअखेरपर्यंतचा करार. तिथल्या ऑफिसातला कॉम्प्युटर त्याला आठवड्यातून एकदाच मिळायचा, शुक्रवारी, आपल्याकडच्या चार ते पाच. तेवढ्या एका तासात तो बाप व्हायचा. आणि नेमकं त्याच तासात आमचं नेट मरायचं. पराग स्क्रीनवर यायचा, “ओवीऽ” म्हणायला तोंड उघडायचा आणि तसाच अडकायचा. एक डोळा मिटलेला, जबडा वासलेला, चेहऱ्याचे चौकोन चौकोन झालेले. मग त्या न हलणाऱ्या तोंडातून दहा सेकंदांनी एकदम “कशीयेस गंऽ” असा चिरका आवाज यायचा. ओवी किंचाळायची. पुढं पुढं तर कॉम्प्युटर नुसता सुरू केला तरी ओठ काढायला लागली.

तो मार्चमध्ये दारात उभा राहील तेव्हा ही त्याला ओळखेल की किंचाळेल? दुसरं काही मला सुचत नव्हतं. तसं सुचायचं बरंच काही. ओवीचा श्वास चालू आहे ना, गॅस बंद आहे ना, तिच्या पाळण्याचा हुक पक्का आहे ना. पण हे सगळं उठून बघता यायचं. हा एक प्रश्न उठून बघता येत नव्हता.

मुजावरांना बोलावलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर एक यादी उघडली आणि विचारलं, “वहिनी, घरात कॉम्प्युटर किती?”

“एक.”

“इथं अकरा दिसतायत.”

मी यादी वाचली. एकाचं नाव ‘मगदूम’ होतं, एकाचं ‘कळंत्रे होम’, एकाचं नुसतंच ‘बॉस’. आमच्या बिल्डिंगमध्ये घरं बारा. बाराव्या घरात एक आजोबा होते, त्यांना दिसत नसे.

“तुम्ही दार सताड उघडं ठेवलंय,” मुजावर म्हणाले. “कुलूपच नाही.”

त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती. कुणा भलत्यानंच कुणाच्या तरी घरच्या नेटवरून धमकीचा मेल पाठवला आणि पोलीस आले ते नेटच्या मालकाकडे. मी ती बातमी तीनदा वाचली. पोलीस जिना चढतायत, मी दार उघडतेय, माझ्या कडेवर ओवी, आणि इन्स्पेक्टर विचारतोय, ‘बॉस कोण?’ हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

पहिला पासवर्ड मी टाकला तो ओवीची जन्मतारीख. दोन दिवस टिकला. अख्खी बिल्डिंग बारशाला जेवून गेली होती.

दुसरा मी अगदी अवघड केला. आकडे, अक्षरं, मधे एक टिंब. माझ्याही लक्षात राहीना म्हणून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तो चौथ्या दिवशी गेला.

“आई, कळंत्रेवहिनींना तुम्ही पासवर्ड दिलात?”

“दिला की.” आई भाकरी थापत होत्या. “बिचारी वाटी घेऊन आली होती विरजणाला. म्हणाली, काकू, तेवढा पासवर्ड पण द्या. दिला लिहून.”

“अहो, पासवर्ड काय विरजण आहे का?”

“मग काय आहे? विरजण दिल्यानं आपलं दही कमी होतं का?”

“इथं कमी होतं, आई! तेच तर होतंय! त्या दहा जणांनी घेतलं की परागला उरत नाही.”

आईंनी भाकरी उलटली. त्यांना ते पटलं नव्हतं. आजवर त्यांच्या दारातून कुणी रिकामी वाटी घेऊन परत गेलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी पासवर्ड कुठं लिहिलाच नाही. फक्त मलाच माहीत. तो गेला माझ्याच तोंडून. ओवी तीन तास रडून नुकती झोपलेली, आणि सेक्रेटरी मगदूम काका दारात. बेलच्या बटणावर त्यांचं बोट तसंच.

“सूनबाई, तो नवीन पासवर्ड...”

“काका, हळू. आत्ता झोपलीय.”

“हो का? मग मी नंतर येऊन बेल वाजवतो.”

मी पासवर्ड दिला. बेल वाजू नये म्हणून त्या दिवशी मी त्यांना घराची किल्लीसुद्धा दिली असती.

चौथ्यांदा आले तेव्हा मुजावर वैतागलेले. “वहिनी, शब्द असा पाहिजे की जो तुमच्या तोंडून निघणारच नाही. आणि काकूंच्या तर नाहीच नाही.”

“असा कुठला शब्द असतो?”

तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “माझ्याकडे आहे एक.”

म्हणून आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे.

मला वाटलं, मी ओळखलंय. आई मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या. हातरुमालांवर इंग्रजी अक्षरं काढण्यात जन्म गेला, त्यामुळे टाइप करायला त्यांना अडचण नव्हती. आणि सासरे त्याच गावात मुलांच्या शाळेचे हेडमास्तर. माझ्या लग्नाआधीच ते गेले, त्याला चार वर्षं झाली होती. मी त्यांना फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलं होतं. फोटोसुद्धा दरडावल्यासारखा. त्यांच्यासमोर एक पाय हलवायचीही छाती होत नसे, असं गावातली चाळिशीची माणसं अजून सांगायची. आईंनी त्यांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. परागशी बोलताना ‘तुझे वडील’, बाकी सगळ्यांशी ‘हेडमास्तर’. तेव्हा पासवर्ड ‘दत्तात्रय’ असणार हे उघड होतं. मनात म्हटलं, शाब्बास. ह्यापेक्षा पक्कं कुलूप कुठल्या कंपनीकडे मिळालं नसतं.

पुढचे तीन आठवडे बिल्डिंगला काहीतरी झालं. माणसं जिन्यात थांबून आमच्या दाराकडे बघायची. मगदूम काका संध्याकाळी गॅलरीत उभे राहून, “हवा एकदम बंद झाल्यासारखी वाटतेय,” म्हणायचे. कळंत्रेवहिनी दिवसातून दोनदा यायच्या. एकदा खोबऱ्याची चटणी घेऊन, एकदा ती कशी झाली होती ते विचारायला.

“काकू, आमच्या पिंकीचा कॉलेजचा फॉर्म भरायचाय हो.”

“भरा की.”

“नेटवर असतो तो.”

“असेल.”

“मग तेवढं...”

“आणखी काहीही मागा,” आई म्हणायच्या. “विरजण देऊ?”

एकदा दुपारी मगदूम काकांनी त्यांना गप्पांत गुंतवून अचानक विचारलं, “शेटे वहिनी, तुमचा पासवर्ड एखाद्या देवाच्या नावाचा आहे का हो?” आईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या उठून आत गेल्या आणि काका गेल्याशिवाय बाहेर आल्या नाहीत.

आणि शुक्रवारी पराग हलायला लागला. हसला तर हसताना दिसायचा. ओवी पहिल्या शुक्रवारी रडली नाही, नुसती संशयानं बघत राहिली. दुसऱ्या शुक्रवारी पुढं वाकून तिनं स्क्रीनला बोट लावलं.

“अनुजा! माझ्या नाकाला हात लावला तिनं!” पराग ओरडला. तिकडं त्याच्या मागून कुणीतरी आत डोकावून गेलं.

रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी मी ओवीचं बोरन्हाण ठरवलं. वार त्याच्यासाठीच धरला. पोरीला काळा फ्रॉक, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे, आणि हे सगळं तिचा बाप बघणार. सोबत बिल्डिंगमधल्या बायकांना हळदीकुंकू.

मंगळवारी कॉम्प्युटर बंद पडला. दुकानदार म्हणाला, व्हायरस आहे, आतलं सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल, शुक्रवारी दुपारपर्यंत मिळेल. मी हो म्हटलं. चारच्या आत मिळतोय ना, एवढंच डोक्यात होतं.

शुक्रवारी सकाळी आई पिशवी भरून दारात.

“मी तासगावला ताईकडं जाऊन येते. तिचा गुडघा धरलाय.”

“आज?”

“इथं माझं काय काम? तुमची सवाष्णींची गडबड. ओवाळून ठेवलीय मी तिला सकाळीच.”

मी “बरं” म्हटलं. तेव्हा मी बोरं निवडत होते. ओवीच्या नाकपुडीत जाईल असं एकही बोर राहू नये, म्हणून प्रत्येक बोर स्वतःच्या नाकाला लावून बघत होते.

दुपारी एकला कॉम्प्युटर आला. पावणेचारला हॉलमध्ये पंधरा बायका, सात-आठ पोरं, आणि कॉम्प्युटरचा तज्ज्ञ म्हणून एकटे मगदूम काका. ओवी पाटावर, डोक्यावर हलव्याचा मुकुट. कमरपट्ट्याचा निम्मा हलवा तिनं तोपर्यंत चाटून संपवला होता. काकांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि म्हणाले, “सूनबाई, हा पासवर्ड मागतोय.”

आतलं सगळं पुसलं म्हणजे तेही पुसलं!

मी काकांना बाजूला करून स्वतः ‘दत्तात्रय’ टाकलं. चूक. मागं-पुढं शेटे लावून बघितलं. चूक. ‘हेडमास्तर’. चूक.

मुजावरांना फोन लावला. ते जतकडं कुठल्यातरी टॉवरवर चढले होते, वारा नुसता घोंघावत होता. “वहिनी, नेटच्या डब्याच्या मागं बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालू नका! घातलीत तर सगळंच जाईल, मग उद्या सकाळशिवाय मी काही करू शकत नाही.”

“बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाचं नेट नाही का?” मी वळून विचारलं. पंधरा बायकांनी एकमेकींकडं बघितलं. दुसरं नेट असायचं कारणच काय होतं?

तासगावला मावशींच्या घरी फोन लावला, चार वाजून पाच मिनिटांनी. ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

“आई, पासवर्ड सांगा. कॉम्प्युटर सगळं विसरलाय. पराग तिकडं वाट बघत बसलाय.”

पलीकडं कुजबुज. मग, “अगं, इथं भाऊजी बसलेत.”

“मग त्यांना बाहेर पाठवा!”

खुर्ची सरकल्याचा आवाज. दार लागलं. “गेले. पण ताई आहे.”

“आई!”

“बाबांचं नाव नाही ना ते?” मीच पुढं विचारलं. “मी टाकून बघितलं.”

“ते नाही गं. ते काय, बिलावरसुद्धा असतं.”

“मग एकेक अक्षर सांगा,” मगदूम काका पुढं सरसावले. “मी लिहून घेतो.”

मग अगदी बारीक आवाजात, “एल.”

“ल! लक्ष्मण!” कळंत्रेवहिनी ओरडल्या.

“लक्ष्मीकांत! लंबोदर!”

“लिंबाजी घालून बघा हो काका!”

सगळा हॉल एकदम नावं सुचवायला लागला. पोरंही लागली. फोन कट झाला.

सव्वाचार. ओवी कंटाळून मुकुट ओढायला लागली होती. तिकडं पराग रिकाम्या स्क्रीनसमोर बसलाय, हे मला दिसत होतं. दर शुक्रवारी तो दाढी करून बसायचा. आजच्यासाठी नवा शर्ट घेतलाय, असं मागच्या वेळी म्हणाला होता.

फोन घेऊन मी गॅलरीत गेले, स्पीकर बंद केला, दार लोटलं आणि पुन्हा लावला.

“आई, आता मी एकटी आहे. माझ्या कानात सांगा.”

“तुला कसं सांगू?”

“का? एवढं काय आहे त्यात?”

“ते फक्त त्यांना म्हणायचे गं मी. ते आणि मीच असताना.” त्यांचा आवाज एकदम वेगळा वाटला, लहान मुलीसारखा. “गेल्यापासून तोंडातून काढलेलं नाही. टाइप केलं, तेसुद्धा तुम्हाला भिंतीकडं उभं करून.”

आतून चुरमुऱ्यांवर पाय पडल्याचा आवाज येत होता.

“आई,” मी म्हटलं, “तुम्ही इथं असायला हवं होतं. मी सकाळी ‘बरं’ नको होतं म्हणायला.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मावशींचा का आईंचा कळलं नाही.

“किती वाजले?”

“चार बावीस.”

“स्पीकर लाव.”

“काय?”

“लाव स्पीकर. कानात कसलं सांगायचं? घ्यायचं तर चारचौघींत घेईन. पण त्या बायांना म्हणावं, मला रीतसर सांगा.”

मी आत आले, फोन पाटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, “आई सांगायला तयार आहेत. पण तुम्ही त्यांना नाव घ्या म्हणायला पाहिजे.”

दोघीतिघींनी नजर खाली केली. आताच हळदीकुंकू लागलेल्या पंधरा कपाळांची मला त्या क्षणी लाज वाटली, माझ्या स्वतःच्या कपाळासकट. असं कुणाला म्हणतात का, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. फोनमध्ये तासगावच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

कळंत्रेवहिनी उठल्या. पदर खोचला, फोनजवळ येऊन बसल्या.

“काकू,” त्या म्हणाल्या, “नाव घ्या.”

“असं नुसतं नाही घेणार.”

“अहो घ्या की! किती भाव खाताय? सगळ्या खोळंबल्यात!” आता त्यांच्या आवाजात नेहमीचा खट्याळपणा आला. “दरवेळी आम्हीच घ्यायची का? नाव घ्या, काकू, नाव घ्या!”

मग सगळ्याच म्हणायला लागल्या. नाव घ्या, नाव घ्या. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. मगदूम काका कीबोर्डवर बोटं ठेवून परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले.

फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“बाहेर मोठा दरारा, घरी साखरेवर धाड,
पस्तीस वर्षं पदराआड सांभाळला मी लबाड.”

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग सगळ्यांच्या माना एकदम भिंतीवरच्या फोटोकडं वळल्या. मोठी मिशी, जाड भिंगं, दरडावलेला चेहरा. हसण्याचा असा कल्लोळ उठला की ओवी दचकून माझ्या साडीला चिकटली. फोनमध्ये मावशी हसत होत्या आणि आईही हसत होत्या, थांबेनातच.

“माझ्या हातावर ज्यानं वेताच्या छड्या मारल्या तो हा...” मगदूम काका फोटोकडं बघतच राहिले.

“काका, टाइप करा!”

त्यांनी केलं. “चूक म्हणतोय!”

“दोनदा लिहा,” फोन म्हणाला. “आठ अक्षरं पाहिजेत म्हणाला ना तो. म्हणून दोनदा लिहिलंय.”

लबाड लबाड. लागलं.

चार एकतीसला पराग आला. नवा निळा शर्ट, त्यावर घडीच्या रेघा तशाच. हसण्यानं तापलेल्या पंधरा बायका त्याचा चेहरा दिसताच सगळ्या मिळून ओरडल्या, “लबाऽऽड!”

“काय झालं? कुणाला?” पराग गोंधळून म्हणाला. ओवीनं त्याच्याकडं बघितलं, ओरडणाऱ्या बायकांकडं बघितलं, आणि टाळ्या पिटल्या.

पहिली ओंजळ टाकली आणि पराग अडकला. एक डोळा मिटलेला, जबडा वासलेला. मी मागं वळून बघितलं. दारात दोन पोरं कमी होती. पासवर्ड वरच्या मजल्यावर पोचायला चार मिनिटंही लागली नव्हती.

मी बोरांचं ताट खाली ठेवून गॅलरीत गेले. त्या बिल्डिंगमध्ये तीन वर्षांत मी कधी आवाज चढवला नव्हता, पोर झाल्यापासून तर नाहीच.

“सगळ्यांनी बंद करा!” मी ओरडले. “पाच वाजेपर्यंत सगळ्यांनी बंद करा! तिचा बाप अडकलाय!”

वरून एक पुरुषी आवाज आला, “आम्ही कुठं वापरतोय?”

“अहो, तुम्हीच आधी बंद करा!” कळंत्रेवहिनी माझ्या खांद्यावरून वर ओरडल्या. “मला काय दिसत नाही का आत यादीत ‘कळंत्रे होम’ लिहिलेलं?”

वर कुठंतरी खुर्ची सरकली. मग दुसरीकडं. समोरच्या खिडकीतून एका मुलानं दोन्ही हात वर करून दाखवले. तोच ‘बॉस’ असावा. आत आले तर पराग हलत होता. त्यानं मिटलेला डोळा उघडला आणि म्हणाला, “दिसतंय मला. टाका.”

आम्ही टाकली. बोरं, चुरमुरे, बत्तासे, उसाचे तुकडे. पाचला दोन मिनिटं कमी असेपर्यंत तो बघत राहिला. मधे एकदा त्यानं चष्मा काढला.

पासवर्ड पुन्हा बदलला नाही. काही उपयोग नव्हता, आणि आईंनीही बदला म्हटलं नाही. फक्त शुक्रवारी चार वाजले की मगदूम काका जिन्यात उभे राहून मोठ्यानं सांगायचे, “लबाड बंद!” आणि पाचला, “लबाड चालू!” आई तेव्हा हटकून बाहेरच्या खोलीत येऊन काहीतरी निवडत बसायच्या.

मार्चअखेर पराग आला. आता ओवी तेरा वर्षांची आहे, पण ती सकाळ मला अजून उठून बघता येते. तो दारात उभा, हातात दोन बॅगा, प्रवासात दाढी वाढलेली. आईंनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला. ओवी माझ्या कडेवर. तिचं अंग ताठ झालं, ते मला हाताला कळलं. तिनं ओठ काढले.

पराग जागचा हलला नाही. कुणी काही शिकवलेलं नसताना तो अगदी स्क्रीनवर बसायचा तसा थांबला, मान थोडी पुढं करून, आणि हळूच म्हणाला, “ओवी.”

ती बघत राहिली. मग पुढं झुकून तिनं त्याच्या नाकाला बोट लावलं.

“बाड,” ती म्हणाली. आणि मग नीट, दोनदा, “लबाड. लबाड.”

तिचा पहिला शब्द. परागच्या हातातल्या बॅगा खाली पडल्या. “मला म्हणाली? अनुजा, मला म्हणाली ना?”

आईंच्या हातात भाकरतुकडा तसाच राहिला होता. त्या लेकाकडं बघत होत्या, की दाराशेजारी भिंतीवरच्या फोटोकडं, ते मला सांगता येणार नाही.

“तुला नाही रे ते,” त्या म्हणाल्या. मग त्याच्यावरून तुकडा ओवाळत म्हणाल्या, “पण असू दे. चालेल.”